कात्रज–सिंहगड उलटीकडून: बारा जणांच्या एका दिवसाच्या भटकंतीचा आराखडा

पुण्याच्या दक्षिणेला भुलेश्वर रांगेची जी धार जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडापर्यंत जाते, ती अर्ध्या शहराला रोज दिसते. गच्चीतून पाहिले तर ती एकसलग, जवळजवळ सपाट वाटते, आणि इथेच अंदाज चुकतो. प्रत्यक्षात त्या धारेवर लहानमोठी तेरा-चौदा टेकाडे आहेत. प्रत्येक टेकाड चढायचे आणि पुन्हा पुढच्या खिंडीत उतरायचे, असा दिवसभराचा हिशेब आहे. अंतराच्या नोंदी १३ ते १६ किलोमीटरच्या दरम्यान निघतात. वाटेत पाणी नाही, हॉटेल नाही, सावली नावालाच. शहर मात्र पूर्णवेळ डोळ्यांसमोर असते, त्यामुळे आपण अडचणीत येऊ शकतो हे ध्यानातच येत नाही.

या अभ्यासासाठी गट कल्पिलेला आहे, वाट खरी आहे. एका सोसायटीतले बारा जण, नोव्हेंबरच्या शेवटचा रविवार. सर्वांत धाकटी मुलगी १४ वर्षांची, सर्वांत मोठे काका ५८ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. एका ताईंचा गुडघा उतारावर दुखतो. चौघे पहिल्यांदाच डोंगरात येणारे. उरलेल्यांपैकी एकाने ही वाट पूर्वी केली आहे, पण पौर्णिमेच्या रात्री. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. पुण्यात ही वाट चांदण्यात करण्याची जुनी हौस आहे आणि रात्रीच्या गारव्यात दोन लिटर पाणी पुरते. तोच आकडा घेऊन दिवसा निघालेले लोक दुपारी बारा वाजता कोरड्या बाटल्या हलवत बसतात.

पहिला आराखडा

गटाने आधी ठरवलेला बेत असा: सकाळी साडेसातला स्वारगेट, कात्रजला मिसळ, नऊ वाजता जुन्या बोगद्यापासून चढाई, चारपर्यंत सिंहगड, गडावर पिठलं-भाकरी आणि दही, मग जीपने खाली. पाणी प्रत्येकी एक लिटर, ‘बाकी वाटेत भरून घेऊ’. ऐकायला छान बेत आहे. तो कुठे मोडतो ते आकड्यांत पाहू.

डोंगरातल्या वेळेचा सर्वांत जुना आणि अजून उपयोगी ठोकताळा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. आपल्या मापात सांगायचे तर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या वाटेसाठी अंतर १५ किलोमीटर धरू. टेकाडांचे सगळे चढ मिळून १,००० मीटर धरू. प्रत्येक टेकाडाला सरासरी सत्तर-पंचाहत्तर मीटर म्हणजे फुगवलेला आकडा नाही. चालण्याचे ३ तास, चढाची १ तास ४० मिनिटे, एकूण ४ तास ४० मिनिटे. पण हा हिशेब सरावलेल्या, एकट्यादुकट्या चालणाऱ्याचा. बारा जणांचा मिश्र गट, ऊन आणि घसाऱ्याचे उतार यांसाठी दीडपट करावी लागते. मग ७ तास होतात. त्यात दर तासाला पाच मिनिटे थांबणे, न्याहारीला पंधरा मिनिटे, जेवणाला अर्धा तास, म्हणजे सव्वा तास वाढवा. एकूण सव्वाआठ तास.

नऊला निघालेला गट सव्वापाचला सिंहगडाच्या घाटरस्त्यावर पोचतो. गडावर नव्हे, फक्त रस्त्यावर. गड तिथून आणखी वर. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाला पाचेक मिनिटे असताना मावळतो. म्हणजे सगळे घड्याळाच्या काट्यावर झाले तरी हाताशी पाऊण तासच उरतो. आणि मिसळीला वेळ लागतो, एक जण उशिरा येतो, कोणाच्या तरी बुटाचा तळ सुटतो. शेवटची दोन टेकाडे अंधारात उतरायची वेळ येते, आणि नेमका तेव्हा सगळ्यांच्या पायांतला जोर संपलेला असतो. वर रविवारी संध्याकाळी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते, जीप मिळायला थांबावे लागते ते वेगळेच.

दिशा का बदलावी

आमचे स्पष्ट मत आहे की दिवसा, मिश्र गटाने ही वाट सिंहगडाकडून कात्रजकडे करावी. रूढ पद्धत उलटी आहे, कारण शेवटी गड गाठल्याचे समाधान मिळते. समाधानाचा मुद्दा मान्य आहे, पण तो सोडला तर तीन फायदे हाती येतात.

पहिला, सुटकेचा. कात्रजकडे सरकत जाणे म्हणजे शहराकडे, गाड्यांकडे आणि दवाखान्यांकडे सरकत जाणे. उशीर झाला तरी जुन्या घाटातून खाली कात्रजला रिक्षा किंवा बस मिळते. सिंहगडाच्या बाजूला सूर्य मावळल्यावर पर्याय झपाट्याने कमी होतात. दुसरा, उन्हाचा. वाट पूर्व-पश्चिम आहे. कात्रजहून निघाले की दुपारी एकनंतर ऊन थेट तोंडावर येते, आणि तेव्हाच दमलेले असतो. उलटीकडून निघाले की सकाळचे कोवळे ऊन समोरून येते (टोपीची झडप खाली ओढली की भागते) आणि दुपारचे पाठीवर. तिसरा, गाडीचा. भाड्याच्या गाड्या पहाटे घाटात सोडून परत जातात, रविवारच्या गर्दीशी आपला संबंधच येत नाही.

तोटाही सांगायला हवा. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा ही या वाटेवरची सर्वांत भरवशाची खूण आहे. कात्रजहून येताना तो समोर असतो, उलट जाताना पाठीमागे. आणि जुन्या बोगद्याकडचा शेवटचा उतार तीव्र आहे, तो दमलेल्या पायांनी उतरावा लागतो. गुडघेदुखीच्या ताईंसाठी हा खरा प्रश्न आहे. त्यांना दोन काठ्या हव्यात, एक नव्हे, आणि उतारावर काठी बोटभर लांब करून घ्यायची. गुडघ्याचा पट्टा सुरुवातीपासून बांधून ठेवू नये, शेवटच्या तीन टेकाडांसाठी राखून ठेवावा. दिवसभर आवळून ठेवला की पोटरी भरून येते.

दुरुस्त बेत

स्वारगेटला पहाटे पाच वाजता जमणे. दोन सात-आठ आसनी गाड्या. खडकवासला, डोणजे, गोळेवाडीमार्गे सिंहगडाचा घाट, आणि कोंढणपूर फाट्याच्या आसपास जिथे धारेची वाट रस्त्याला मिळते तिथे उतरणे. वनविभागाचा नाका किती वाजता उघडतो, त्या दिवशी घाट बंद तर नाही, हे आदल्या दिवशी विचारून घ्यायचे. दरड कोसळल्यावर किंवा गर्दीच्या दिवशी हा रस्ता बंद ठेवतात. नाका उशिरा उघडत असेल तर तेवढा वेळ संपूर्ण बेतातून वजा धरायचा, चालण्याचा वेग वाढवून तो भरून निघत नाही.

साडेसहाला चालायला सुरुवात. उजाडलेले असते, सूर्य पावणेसातच्या सुमारास येतो. न्याहारी साडेसातला, दुसऱ्या-तिसऱ्या टेकाडावर; घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सव्वाआठ तास धरले तर पावणेतीनला जुना बोगदा. सूर्यास्ताला तीन तासांहून जास्त शिल्लक. हा वेळ रिकामा नाही, तोच या बेताचा विमा आहे.

अशा वाटेवर ‘इतक्या वाजता माघारी फिरायचे’ हा नियम चालत नाही, कारण अर्ध्यावरून मागे जाणे आणि पुढे जाणे सारखेच पडते. म्हणून मध्यावर निर्णयाची वेळ ठरवायची. साडेदहाच्या सुमारास निम्मी वाट, म्हणजे साडेसात किलोमीटर व्हायला हवी. सव्वाअकरापर्यंत झाली नाही, किंवा तिथे माणशी दोन लिटरपेक्षा कमी पाणी उरले, तर पुढे न जाता गावात उतरायचे. या दोन अटी गटाच्या संदेशात आदल्या रात्री लिहून टाकाव्यात. वर धारेवर, वारा लागत असताना आणि समोरचे टेकाड ‘एवढेच तर आहे’ असे दिसत असताना, हा निर्णय नव्याने घेता येत नाही. आधी घेतलेला फक्त पाळता येतो.

पाणी आणि मीठ

नोव्हेंबरअखेर पुण्यात पहाटे बारा-चौदा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास तापमान असते. सकाळी गार वाऱ्यात तहान लागत नाही, म्हणून लोक पहिले तीन तास पाणी पीत नाहीत आणि ती तूट दुपारी बाहेर येते. हिशेब ताशी ४०० ते ५०० मिलीचा धरावा. आठ तासांना ४ लिटर. बारा जणांचे ४८ लिटर, शिवाय गटाचे राखीव ३ लिटर, तेही शेवटी चालणाऱ्याकडे. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो, म्हणून बाकी सामान कमी करायचे: जाड जॅकेट, काचेचे डबे, मोठा कॅमेरा घरी. १४ वर्षांच्या मुलीने तीन लिटर घ्यावे, तिचा चौथा लिटर मोठ्यांत वाटून घ्यावा. एका मोठ्या बाटलीपेक्षा लिटर-लिटरच्या चार बाटल्या बऱ्या. किती उरले ते मोजता येते आणि एक फुटली तर तीन राहतात.

चारही लिटर नुसते पाणी नको. घामातून मीठ जाते आणि नुसते पाणी ढोसले की रक्तातले मीठ आणखी पातळ होते. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही लक्षणे मग ‘पाणी कमी पडले’ म्हणून आणखी पाणी पाजून वाढवली जातात. चारपैकी एक-दीड लिटर ओआरएसचे ठेवावे. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, पूर्ण; अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड फळपेये हे काम करत नाहीत.

काकांच्या बाबतीत एक गोष्ट आठवडाभर आधी करायची: डॉक्टरांना विचारणे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात. त्या दिवशी गोळी कधी घ्यायची आणि ओआरएस चालेल का, हे डॉक्टरच सांगू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी चुकवायची नाही.

खाणे हलके आणि दर तासाला थोडे: चिक्की, खजूर, संत्री, काकडी, गूळ-शेंगदाणे. पोटभर जेवून चढायला लागले की पहिल्याच टेकाडावर मळमळते.

पायाखाली काय आहे

हा डोंगर काळ्या बेसाल्टच्या आडव्या थरांचा आहे. वरचा थर झिजून त्याचा मुरूम होतो आणि उतारांवर, टणक पृष्ठभागावर, वाटाण्याएवढ्या खड्यांची पखरण राहते. पावसाळ्यात ते खडे चिखलात रुतलेले असतात. नोव्हेंबरात माती वाळून निघून गेलेली असते आणि पाय ठेवला की खडे तळाखाली फिरतात. पडणारा माणूस जवळजवळ नेहमी मागे, बुडावर पडतो आणि हात टेकवताना मनगट दुखावतो. कारण त्याने घाबरून अंग मागे झुकवलेले असते. मागे झुकले की वजन टाचेच्या मागच्या कडेवर येते आणि टाच सटकते. गुडघे थोडे वाकवून, अंग पायांच्या वर ठेवून, आखूड पावले टाकली की पूर्ण तळ टेकतो. फार तीव्र जागी पाय आडवे ठेवून, कडेकडेने. दोघांत चार-पाच मीटर अंतर, म्हणजे वरच्याचा निसटलेला दगड खालच्याला लागत नाही. चालण्याच्या सपाट तळाच्या बुटांनी इथे निभत नाही. खोल खाचांचा रबरी तळ हवा.

आणि बूट जुने असतील तर एक तपासणी आठवडाभर आधी करावीच. तीन-चार वर्षे कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा तळ बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला फेस दमटपणाने कुजलेला असतो. बूट हातात धरून पुढचा भाग दोन्ही अंगठ्यांनी जोरात वाकवा. तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये केसाएवढी फट उघडली, किंवा पिवळट भुगा पडला, तर तो बूट तीन किलोमीटरही टिकणार नाही. बूट न वापरता ठेवल्यानेच तो असा कुजतो, म्हणून ‘नवाकोरा आहे’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. वाटेत तळ सुटला तर कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे आणि वरून नाडीची गाठ. दर दीड तासाला पुन्हा बांधावे लागते.

गवताचा त्रास वेगळा. नोव्हेंबरअखेर गवत कमरेपर्यंत वाळलेले असते आणि कुसळे मोज्यांत शिरतात. लोकरी मोजे आणि आखूड चड्डी ही सर्वांत वाईट जोडी. गुळगुळीत कापडाची पूर्ण विजार, पायाशी बांधलेली, आणि खिशात चिमटा. याच वाळल्या गवतामुळे काडी, सिगारेट, चूल पूर्ण वर्ज्य. इथले वणवे असेच लागतात आणि वाऱ्यावर माणसाच्या धावेपेक्षा वेगाने चढावर जातात.

दगडावर किंवा गवतात हात घालण्याआधी बघावे. मुरमाड, खडकाळ उतार ही फुरशाची आवडती जागा. साप चावलाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काही करू नये. अवयव हलू न देता, माणसाला न चालवता, १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय.

वाट कुठे चुकते

दोनच जागी. एक, सोंडेवर. धारेपासून उत्तरेला आणि दक्षिणेला सोंडा फुटतात आणि त्यांच्यावरूनही ठळक वाटा जातात, कारण त्या गावच्या रोजच्या वाटा आहेत. बोलत चालताना माणूस अलगद सोंडेवर जातो. ओळख सोपी: वाट शंभर मीटरच्या वर उतरत गेली आणि समोर पुढचे टेकाड दिसत नाही, तर आपण धार सोडली आहे. थांबून परत वर यायचे, आडवे कापायचे नाही.

दोन, ढोरवाटांवर. टेकाडाचा माथा टाळून कडेने जाणारी आडवी वाट चढ वाचवते असे वाटते. काही वाटा खरोखर पुढच्या खिंडीत नेतात. काही मध्येच घसाऱ्यात विरून जातात आणि तिथे ना पुढे जाता येते ना मागे वळता येते. नवखे सोबत असतील तर माथ्यावरूनच जावे. नकाशा आणि वाटेची नोंद फोनमध्ये उतरवून घ्यावी, निदान दोघांच्या, आणि फोन विमान-स्थितीत. धारेवर बऱ्याच ठिकाणी रेंज मिळते, खिंडीत जाते.

सकाळी अकराचा प्रसंग

आता बेताची कसोटी घेऊ. अकरा वाजले आहेत, सहा किलोमीटर झाले आहेत. गट पाऊण किलोमीटर लांबीत पसरला आहे. काका गप्प झाले आहेत, पोटरीत गोळे आले आहेत, चक्कर येते म्हणतात, त्वचा ओलसर आहे. त्यांच्याकडे दीड लिटर पाणी उरले आहे.

गट पसरला ही पहिली चूक, आणि ती रांगेच्या क्रमामुळे होते. सर्वांत हळू चालणारा माणूस दुसऱ्या क्रमांकावर हवा, वाटाड्याच्या लगेच मागे. मग सगळ्यांचा वेग आपोआप त्याचा होतो. शेवटी एक अनुभवी, शिट्टीसह. हळू माणूस मागे राहिला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचताच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

काकांना ताबडतोब आडवे करायचे. झाड नसेल तर छत्री. म्हणूनच दोन साध्या छत्र्या सामानात हव्यात, उन्हात त्यांना पर्याय नाही. पाय पिशवीवर उंच, कॉलर आणि पट्टा सैल, मानेवर आणि काखेत ओला रुमाल, वारा घालणे. ओआरएस घोटघोट. अर्ध्या तासात चेहरा खुलला, बोलणे नीट झाले तर उन्हाचा थकवा समजावा. बोलण्यात गोंधळ, उलट्या, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर तो उष्माघात असू शकतो: चालवायचे नाही, तोंडाने काही द्यायचे नाही, हाताशी असलेले सगळे राखीव पाणी अंगावर, १०८ किंवा ११२ ला फोन, आणि गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राला कळवणे. हा क्रमांक आदल्या दिवशी शोधून सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवलेला असावा.

समजा काका सावरले. साडेअकरा झाले. दोन्ही अटी मोडल्या आहेत, वेळेची आणि पाण्याची, तेव्हा चर्चेला जागा नाही: उतरायचे. सावरलेला माणूस ‘आता ठीक आहे, चला’ म्हणतोच, पण दुपारच्या उन्हात त्याच त्रासाची दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर येते.

उतरायचे कुठून? घळीतून कधीही नाही. घळ सरळ गावाकडे जाताना दिसते, पण या डोंगराचे थर आडवे आहेत, त्यामुळे पाण्याने कोरलेली घळ प्रत्येक टणक थरापाशी कड्यावरून खाली पडते. पावसाळ्यात जिथे धबधबा असतो तिथे नोव्हेंबरात कोरडी भिंत असते, आणि वरून ती दिसत नाही. सोंड मात्र उताराउताराने शेतापर्यंत जाते. जिच्यावर खालच्या वस्तीपर्यंत सलग, मळलेली वाट डोळ्यांनी दिसते ती सोंड धरायची. दक्षिणेला उतरले की शिवापूरच्या खोऱ्यातली गावे लागतात आणि तिथून खेड शिवापूरमार्गे पुणे-सातारा महामार्ग. खाली तास-दीड तास लागतो.

गट फोडावा का? आठ जणांना पुढे जायची इच्छा असते. दोन्ही भागांत अनुभवी माणूस, नकाशा, चालू फोन आणि प्रथमोपचाराची पिशवी असेल, आणि आजाऱ्याबरोबर निदान तिघे असतील, तरच फोडावा. या गटात वाट चाललेला एकच जण आहे आणि पाणीही सगळ्यांचेच कमी आहे. म्हणून सगळे बारा उतरतात. शिट्टीची खूणही सगळ्यांना ठाऊक हवी: मदतीसाठी मिनिटात सहा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा, उत्तर मिनिटात तीन.

घरी थांबलेल्या एका माणसाकडे सगळा बेत लिहून दिलेला असतो: कोण, कुठून, कुठे, आणि पाच वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. खाली रस्त्याला लागताच पहिला फोन त्याला. मग शिरगणती, मग चहा.

परतल्यावर खरे आकडे लिहून ठेवावेत. या गटाला सहा किलोमीटरला, थांबे धरून, साडेचार तास लागले. आराखड्याप्रमाणे सव्वातीन लागायला हवे होते. म्हणजे दीडपट पुरत नव्हती, दुपटीच्या थोडी वर लागत होती. त्या गुणकाने पूर्ण धार अकरा-साडेअकरा तासांची होते आणि हिवाळ्यातल्या उजेडात ती बसत नाही. याच लोकांनी पुढचा बेत करताना आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढून तिथूनच उतरणे धरावे.